क्युबिझम आणि कलेचे मूलघटक : वसमतसारख्या तालुक्यातील कलाशिक्षणाच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

विसाव्या शतकातील चित्रकलेच्या इतिहासात क्युबिझम म्हणजेच घनवाद या चळवळीचे स्थान अनन्यसाधारण आहे. प्रबोधनकाळापासून सुमारे पाचशे वर्षे युरोपीय चित्रकलेने एका स्थिर डोळ्याला जे दिसते तेच खरे मानले होते. घनवादाने हे गृहीत तत्त्व मोडून काढले आणि चित्राकडे पाहण्याची दृष्टीच बदलली. असे असूनही आपल्याकडील ग्रामीण व निमशहरी भागातील विद्यार्थ्यासमोर पिकासोचे एखादे चित्र प्रथमच येते, तेव्हा त्याच्या मनात कुतूहलापेक्षा गोंधळच अधिक निर्माण होतो. एकाच चेहऱ्यावर समोरून दिसणारा डोळा आणि बाजूने दिसणारे नाक पाहून तो हसतो, किंवा हे आपल्यासाठी नाही असे समजून पान उलटतो. यातील दुसरी प्रतिक्रिया अधिक चिंताजनक आहे.

वसमत हे हिंगोली जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण. १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला. हळदीच्या बाजारपेठेसाठी वसमतचे नाव सर्वत्र घेतले जाते. १९४८ पर्यंत हा सर्व प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्र राज्याचा भाग झाला. त्यामुळे मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेभोवती वाढलेल्या कलाशिक्षणाच्या व्यवस्थेपासून हा प्रदेश प्रशासकीयदृष्ट्या दीर्घकाळ वेगळा राहिला. आजही येथील विद्यार्थ्यास आधुनिक चित्रकारांच्या मूळ कलाकृती पाहावयाच्या असतील तर मुंबईसारखे महानगर गाठावे लागते. त्याच्या हाती असते ते पुस्तकातील किंवा पडद्यावरील छापील चित्र. अशा विद्यार्थ्याला घनवाद खऱ्या अर्थाने समजू शकतो काय, हा या लेखाचा मुख्य प्रश्न आहे. त्याचे उत्तर महाराष्ट्राशी संबंधित चित्रकारांच्या इतिहासातच सापडते.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) कलेच्या मूलघटकांचा परिचय करून देणे.
२) घनवादाचा उदय व विकास या मूलघटकांच्या आधारे स्पष्ट करणे.
३) भारतात, विशेषतः महाराष्ट्राशी संबंधित चित्रकारांपर्यंत घनवाद कोणत्या मार्गांनी पोहोचला याचा शोध घेणे.
४) वसमतसारख्या ठिकाणच्या कलाशिक्षणासाठी त्यातून काही दिशा मिळते काय ते पाहणे.

कलेचे मूलघटक

कोणतेही चित्र काही मोजक्या घटकांतून उभे राहते. बिंदू, रेषा, आकार, घनरूप, रंग, छटा, पोत आणि अवकाश हे ते घटक होत. बिंदू गतिमान झाला की रेषा होते. रेषेने क्षेत्र बंदिस्त केले की आकार निर्माण होतो. आकारास जाडी व खोली प्राप्त झाली की घनरूप दिसू लागते. एकाच रंगाचा उजळपणा वा गडदपणा म्हणजे छटा. पृष्ठभागाचा गुळगुळीतपणा किंवा खरखरीतपणा म्हणजे पोत. वस्तूंच्या भोवतीची आणि त्यांच्या मधली जागा म्हणजे अवकाश. हे घटक कसे मांडावयाचे हे संतुलन, लय, प्रमाण, विरोध व एकता या तत्त्वांनी ठरते.

भारतीय परंपरेतही असा विचार झालेला आहे. कामसूत्रावरील यशोधराच्या जयमंगला या टीकेत चित्राची सहा अंगे सांगितली आहेत. रूपभेद, प्रमाण, भाव, लावण्ययोजना, सादृश्य आणि वर्णिकाभंग ही ती षडंगे. यांतील सादृश्य हे सहांपैकी एक अंग आहे, ही गोष्ट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. वस्तूसारखी वस्तू काढणे म्हणजेच चित्रकला, असे आपल्या परंपरेनेही म्हटलेले नाही.

वसमतच्या विद्यार्थ्यास हे घटक पुस्तकाबाहेरही भेटतात. ओली हळद, शिजवून वाळवलेले हळकुंड आणि पॉलिश केलेले हळकुंड या तिन्हींचा पोत वेगळा आणि छटाही वेगळी असते. तालुक्यापासून जवळच असलेल्या औंढा नागनाथ येथील मंदिराचा खालचा भाग यादवकालीन असून वरील भागाची पुनर्बांधणी अहिल्याबाई होळकरांच्या काळातील मानली जाते. या मंदिराच्या बाह्य भिंती सरळ सपाट नाहीत. त्यांत पुढे आलेले आणि मागे गेलेले अनेक कोन आहेत. सूर्य सरकतो तशा या कोनांवरील छाया बदलतात. घनरूप, छटा व अवकाश यांचा परस्परसंबंध समजून घेण्यास याहून उत्तम वस्तुपाठ शोधण्याची आवश्यकता नाही.

घनवादाचा उदय

घनवादाची पार्श्वभूमी पॉल सेझान या फ्रेंच चित्रकाराने तयार केली. निसर्गातील रूपांकडे दंडगोल, गोल आणि शंकू यांच्या दृष्टीने पाहावे, असे त्याने १९०४ मध्ये एमिल बर्नार यास लिहिलेल्या पत्रात सुचविले होते. या यादीत घन नाही, हेही नोंदवावयास हवे. सेझानचा भर घनाकृतीवर नसून चित्राच्या बांधणीवर होता. १९०६ मध्ये त्याचे निधन झाले. पुढील वर्षी पॅरिसमध्ये त्याच्या चित्रांचे मोठे स्मृतिप्रदर्शन भरले आणि तरुण चित्रकारांवर त्याचा खोल परिणाम झाला.

१९०७ मध्येच पाब्लो पिकासोने 'आव्हिन्यॉच्या तरुणी' हे चित्र रंगविले. त्यावर प्राचीन आयबेरियन शिल्पांचा व आफ्रिकी मुखवट्यांचा प्रभाव दिसतो. १९०८ मध्ये जॉर्ज ब्राक याने लेस्ताक या गावाची निसर्गचित्रे केली. त्यांत घरे दारेखिडक्यांविना केवळ ठोकळ्यांसारखी दिसतात. ही चित्रे पाहून लुई व्होसेल या समीक्षकाने ब्राक सर्व काही घनांत रूपांतरित करतो, असा शेरा मारला. त्यातूनच पुढे चळवळीस नाव मिळाले. थोडक्यात, घनवाद हे नाव चित्रकारांनी घेतलेले नसून टीकेतून आलेले आहे.

घनवादाच्या साधारणतः दोन अवस्था मानल्या जातात. पहिली विश्लेषणात्मक अवस्था सुमारे १९०९ ते १९१२ या काळातील आहे. या काळात पिकासो व ब्राक यांनी वस्तूचे लहान लहान प्रतलांत विघटन केले आणि वेगवेगळ्या बाजूंनी दिसणारी तिची रूपे एकाच पृष्ठावर मांडली. रंग मात्र त्यांनी हेतुतः मर्यादित ठेवले. तपकिरी, करडा व मातकट पिवळा एवढ्यांवरच त्यांनी भागविले, कारण अभ्यास घनरूप व अवकाश यांचा होता आणि तेजस्वी रंगांनी त्यात व्यत्यय आला असता. दुसरी संश्लेषणात्मक अवस्था १९१२ पासून सुरू होते. त्या वर्षी पिकासोने वेताच्या विणीची छपाई असलेले मेणकापड चित्रात चिकटविले, तर ब्राकने लाकडाची नक्षी छापलेला कागद वापरला. पोत हा घटक रंगवून न दाखविता प्रत्यक्ष वस्तूच चित्रात आणण्याची कोलाज ही पद्धती येथून रूढ झाली. ह्वान ग्रिस, फेर्नां लेजे, आल्बेर ग्लेझ व झां मेत्सँजे यांनी ही चळवळ पुढे नेली.

यावरून असे दिसते की, घनवाद ही वेडीवाकडी चित्रे काढण्याची पद्धती नव्हती. कलेचा एकेक मूलघटक वेगळा काढून त्याची परीक्षा घेण्याचा तो शिस्तबद्ध प्रयत्न होता. हीच भाषा मानवी वेदनेसाठीही समर्थ ठरली. २६ एप्रिल १९३७ रोजी स्पेनमधील गेर्निका या गावावर झालेल्या बाँबहल्ल्यानंतर पिकासोने त्याच नावाचे सुमारे साडेतीन मीटर उंच व पावणेआठ मीटर रुंद चित्र रंगविले. काळा, पांढरा व करडा एवढ्याच छटांत आणि तुटलेल्या आकारांत त्याने युद्धाचा विध्वंस मांडला.

भारतातील आगमन : छापील चित्रांचा मार्ग

भारतात घनवादाचा पहिला लक्षणीय स्वीकार बंगालमध्ये झाला. गगनेंद्रनाथ टागोर (१८६७–१९३८) यांनी युरोपात शिक्षण घेतलेले नव्हते. १९२० च्या दशकाच्या आरंभी त्यांनी घनवादी पद्धतीची चित्रे काढण्यास सुरुवात केली. १९२२ मध्ये स्टेला क्रामरिश यांनी 'भारतीय घनवादी' म्हणून त्यांच्यावर लेख लिहिला. त्याच वर्षाच्या अखेरीस कोलकाता येथे बाऊहाऊसच्या कलाकारांच्या कृतींचे प्रदर्शन भरले. म्हणजेच गगनेंद्रनाथांचा प्रयोग या प्रदर्शनाआधीच सुरू झालेला होता.

पुढे डब्ल्यू. जी. आर्चर यांनी ही चित्रे दुबळे अनुकरण ठरविली. या निर्णयामागील पूर्वग्रह इतिहासकार पार्थ मित्तर यांनी उघड केला आहे. पिकासोने आफ्रिकी मुखवट्यांपासून काही घेतले तर त्यास प्रतिभा म्हणावयाचे आणि भारतीय चित्रकाराने पिकासोपासून काही घेतले तर त्यास नक्कल म्हणावयाचे, ही विसंगती त्यांनी दाखवून दिली. वसमतच्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने हा वाद महत्त्वाचा आहे. आपण दुरून आणि उशिरा शिकत असलो तरी त्यामुळे आपले शिकणे आपोआप नक्कल ठरत नाही, हे त्यातून स्पष्ट होते.

मुंबईत १८५७ मध्ये सुरू झालेल्या कलाशाळेचे शिक्षण प्रामुख्याने वास्तवदर्शी पद्धतीचे होते. डिसेंबर १९४७ मध्ये फ्रान्सिस न्यूटन सूझा, सय्यद हैदर रझा, मकबूल फिदा हुसेन, के. एच. आरा, हरी अंबादास गाडे व सदानंद बाकरे या सहा जणांचा प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन झाला. युरोपातून मुंबईत आलेले वॉल्टर लँगहॅमर, रूडी व्हॉन लायडन व इमॅन्युएल श्लेसिंजर हे या तरुणांचे मार्गदर्शक व आश्रयदाते बनले. त्यांच्या संग्रहातील पुस्तके व छापील प्रतिकृती यांतून आधुनिक युरोपीय चित्रकला या तरुणांपर्यंत पोहोचली. मूळ चित्रे त्यांच्यापैकी बहुतेकांनी नंतर पाहिली. या गटातील अनेकजण महानगराबाहेरून आलेले होते, हेही लक्षणीय आहे. हुसेन पंढरपूरला जन्मले, सूझा गोव्यातील साळगावला, तर गाडे अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासर येथे.

मूलघटकांकडून घनवादाकडे : काही उदाहरणे

हरी अंबादास गाडे (१९१७–२००१) हे मुळात विज्ञानाचे पदवीधर होते. त्यांच्या निसर्गचित्रांत घरे, छपरे व टेकड्या रंगांच्या भौमितिक प्रतलांत रूपांतरित झालेल्या दिसतात. विषय परिचित भारतीय गावाचाच असतो, परंतु चित्राची बांधणी गणिती शिस्तीने केलेली असते.

सय्यद हैदर रझा (१९२२–२०१६) यांचे उदाहरण अधिक बोलके आहे. त्यांचे कलाशिक्षण प्रथम नागपूरला आणि नंतर मुंबईत झाले. १९४८ मध्ये काश्मीरमध्ये फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी त्यांची चित्रे पाहिली. चित्रांत प्रतिभा आहे, परंतु बांधणी नाही. इमारतीला पाया, भिंती व छप्पर असते तशी चित्रालाही रचना लागते. त्यासाठी सेझानचा अभ्यास करावा, असा सल्ला त्यांनी दिला. १९५० मध्ये रझा फ्रान्सला गेले आणि १९५० च्या दशकातील त्यांच्या चित्रांत घरांच्या भौमितिक रचना दिसू लागल्या. पुढे अनेक वर्षांनी त्यांच्या चित्रांच्या केंद्रस्थानी आला तो बिंदू. मध्य प्रदेशातील मंडला परिसरातील प्राथमिक शाळेत एका गुरुजींनी चंचल मुलाचे मन एकाग्र व्हावे म्हणून भिंतीवर एक बिंदू काढून त्याकडे पाहण्यास सांगितले होते. ही आठवण रझांनी वारंवार सांगितली आहे. एका खेड्यातील शिक्षकाने भिंतीवर दाखविलेला कलेचा पहिला मूलघटक जगाच्या कलाविश्वात कसा पोहोचला, याचे हे उदाहरण प्रत्येक कलाशिक्षकाने लक्षात ठेवावे असे आहे.

नारायण श्रीधर बेंद्रे (१९१०–१९९२) यांचा जन्म इंदूरच्या मराठी कुटुंबात झाला. इंदूरला दत्तात्रय दामोदर देवळालीकर यांच्या हाताखाली बेंद्रे शिकले. काही काळाने हुसेन यांनीही त्याच गुरूंकडे धडे घेतले. बेंद्रे यांचा पाया पूर्णपणे वास्तवदर्शी रेखाटनाचा होता. १९५० पासून ते बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात चित्रकला शिकवू लागले. याच काळात त्यांनी घनवादी रचनेचे प्रयोग केले. 'काटा' या १९५५ मधील चित्रात पायातील काटा काढण्याचा साधा प्रसंग आहे, परंतु देहाची रचना सपाट, कोनयुक्त आकारांत केलेली आहे. या चित्रास राष्ट्रीय पारितोषिक लाभले. विशेष म्हणजे बेंद्रे घनवादात अडकून पडले नाहीत. एक भाषा शिकून ते पुढे गेले आणि विद्यार्थ्यांनाही त्यांनी तसेच मोकळे ठेवले.

मकबूल फिदा हुसेन (१९१५–२०११) यांनी चित्रपटांचे मोठे फलक रंगवून उपजीविका केली. मोठ्या पृष्ठावर ठळक रेषा व सपाट रंगक्षेत्रे वापरण्याचा सराव त्यांना तेथे झाला. 'जमीन' या १९५५ मधील चित्रात ग्रामीण जीवनाची अनेक दृश्ये वेगवेगळ्या चौकटींत एकत्र आली आहेत. एका स्थिर दृष्टिकोनाची सक्ती येथे नाही. १९७१ च्या साओ पावलो द्वैवार्षिक प्रदर्शनात पिकासोबरोबर हुसेन यांनाही विशेष निमंत्रण होते. तेथे त्यांनी महाभारतावरील चित्रे मांडली.

घनवाद थेट शिकण्याचा दुसरा मार्ग जहांगीर सबावाला (१९२२–२०११) यांना लाभला. मुंबईच्या कलाशाळेनंतर त्यांनी लंडनला आणि पुढे पॅरिसमध्ये आंद्रे लोत यांच्या कलाशाळेत शिक्षण घेतले. लोत हे घनवादाची तत्त्वे पद्धतशीरपणे शिकविणारे शिक्षक होते. १९५१ मध्ये सबावाला मायदेशी परतले. मात्र पॅरिसमध्ये शिकलेली टोकदार रचना भारतातील प्रकाशाला व निसर्गाला जुळवून घेण्यास त्यांना बराच काळ लागला. १९६० च्या दशकात त्यांची प्रतले मृदू व पारदर्शक झाली आणि समुद्र, डोंगर व यात्रिक यांची स्वतंत्र चित्रसृष्टी निर्माण झाली. यावरून असे म्हणता येते की, ज्यांना छापील चित्रांतून शिकावे लागले त्यांना आणि ज्यांना प्रत्यक्ष पॅरिसमध्ये शिकता आले त्यांनाही, घनवाद आपलासा करण्यासाठी स्वतंत्र परिश्रम घ्यावे लागले. दुसऱ्याकडे साधने अधिक होती, परंतु शेवटचा टप्पा दोघांनाही एकट्यानेच ओलांडावा लागला.

वसमतच्या संदर्भातील अध्यापन

महाराष्ट्र शासनाच्या कला संचालनालयातर्फे एलिमेंटरी व इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षा घेतल्या जातात. वस्तुचित्र वा स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती व अक्षरलेखन हे त्यांचे परिचित विषय होत. दहावीच्या वाढीव गुणांसाठी अनेक विद्यार्थी या परीक्षांना बसतात आणि गुण मिळताच कागद बाजूला ठेवतात. वास्तविक या विषयांतच घनवादाची पूर्वतयारी दडलेली आहे. स्थिरचित्रात घनरूप, छटा व पोत यांचा अभ्यास असतो. संकल्पचित्रात सपाट आकार, विरोध व संतुलन असते. भूमितीत एकाच घनाचा वरून आणि समोरून दिसणारा आराखडा शेजारी शेजारी काढावा लागतो. स्मरणचित्रात अनेक वेळा पाहिलेले दृश्य एकत्र आठवून मांडले जाते. हे चार विषय चार वेगवेगळ्या कागदांवर राहतात. घनवादाने ते एका कागदावर आणले, असे विद्यार्थ्यास सांगता येईल.

यासाठी तांब्यासारखी घरातील वस्तू पुरेशी आहे. विद्यार्थ्याने तांब्या प्रथम समोरून, नंतर वरून आणि शेवटी तिरकस बाजूने रेखाटावा. वरून पाहता त्याचे तोंड पूर्ण वर्तुळ दिसते. तिरकस पाहता तेच लंबवर्तुळ होते. डोळ्याच्या पातळीवर आणले तर केवळ एक आडवी रेषा उरते. मग तांब्याचे खरे तोंड कोणते? तिन्हीही खरी आहेत, असे उत्तर मिळाले की तिन्ही रेखाटने एकत्र गुंफून, दोन-तीन मातकट रंगांतच एक चित्र करावयास सांगावे. त्यानंतर त्याच रचनेत वर्तमानपत्राचा किंवा हळदीच्या रिकाम्या पोत्याचा तुकडा चिकटवून पोत या घटकाचा प्रयोग करावा. विश्लेषणाकडून संश्लेषणाकडे जाण्याचा घनवादाचा ऐतिहासिक क्रमच येथे विद्यार्थी स्वतःच्या हाताने अनुभवतो.

अजिंठ्याच्या भित्तिचित्रांचा दाखला येथे सावधपणे द्यावा. त्यांत एकच पात्र एकाच भिंतीवर वेगवेगळ्या प्रसंगांत पुनःपुन्हा येते आणि इमारतींचे आतले व बाहेरचे भाग एकाच वेळी दिसतात. तथापि हा घनवाद नव्हे. तेथे हेतू कथा सांगण्याचा आहे, तर घनवादाचा हेतू वस्तूच्या रूपाची परीक्षा करण्याचा आहे. आपल्याकडे सर्व काही आधीच होते, असा सोपा अभिमान विद्यार्थ्यास देण्यापेक्षा हा भेद त्यास समजावून देणे अधिक उपयुक्त ठरते. मराठीतून या विषयाकडे वळणाऱ्यास प्रभाकर बरवे यांचे 'कोरा कॅनव्हास' (१९९०) हे पुस्तक चांगला सोबती होऊ शकते.

निष्कर्ष

१) घनवाद म्हणजे वास्तवाची मोडतोड नसून रेषा, घनरूप, छटा, पोत व अवकाश या मूलघटकांची शिस्तबद्ध तपासणी होय. म्हणून मूलघटकांच्या ज्ञानाशिवाय घनवाद शिकविल्यास तो केवळ विचित्र वाटतो.
२) महाराष्ट्राशी संबंधित अनेक चित्रकार वास्तवदर्शी रेखाटनाच्या पायावरूनच घनवादाकडे गेले. शाळेतील रेखाटनाचा सराव हा आधुनिक कलेच्या मार्गातील अडथळा नसून पहिली पायरी आहे.
३) गगनेंद्रनाथ टागोर यांच्याप्रमाणेच मुंबईच्या तरुण चित्रकारांनीही प्रारंभी घनवाद मूळ चित्रांजवळ न जाता समजून घेतला. महानगरापासूनचे अंतर ही उणीव खरीच आहे, परंतु ती शिकणे थांबविण्याचे कारण ठरू शकत नाही.
४) घनवाद हे मुक्कामाचे ठिकाण नसून प्रवासातील टप्पा आहे, हे बेंद्रे, रझा व सबावाला यांच्या वाटचालीवरून दिसते. विद्यार्थ्यानेही तो शिकून पुढे आपले गाव, आपला प्रकाश आणि आपली माणसे यांच्याकडे परतावे.

सारांश, भिंतीवर काढलेला एक बिंदू आणि त्याकडे पाहण्यास सांगणारा एक शिक्षक एवढ्या साधनांतून एका थोर चित्रकाराची सुरुवात झाली. वसमतच्या वर्गखोल्यांतील भिंती त्याहून निराळ्या नाहीत. त्यांवर पहिला बिंदू काढण्याचे काम मात्र तेथील शिक्षकांनाच करावे लागेल.